आम्ही मोठी गाडी धुतो

मोठी गाडी नेहमी दुसऱ्याची असावी आणि ती ज्याची असेल त्यानेच धुवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मला पुस्तके वाचून मिळालेले नाही. पुस्तके वाचून मते मिळत असती तर मी बी.कॉम.ला पंचावन्न टक्क्यांवर अडकलो नसतो. हे मत मी २०२३ सालच्या मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, अंगात बनियन आणि हातात बादली अशा अवस्थेत स्वकष्टाने मिळवलेले आहे.

माझी स्वतःची गाडी म्हणजे स्कूटर. ती धुवायला दोन तांबे पाणी आणि पाच मिनिटे पुरतात. शिवाय तिचे वय आता असे झाले आहे की तिच्यावर डाग पडला तरी डाग कोणता आणि रंग कोणता हे सांगायला जाणकार लागतो. त्यामुळे गाडी धुणे ही एक विद्या आहे आणि तिच्यात माणूस नापास होऊ शकतो, याची मला छत्तीस-सदतीस वर्षे सोडाच, चांगली सेहेचाळीस वर्षे कल्पना नव्हती. ती कल्पना दादाच्या गाडीने दिली.

आता दादाची गाडी म्हटले की आधी दादा सांगायला हवा, आणि दादा म्हटले की बंब आलाच.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. पुण्याला एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. २०१९ साली आम्ही गावातले जुने घर विकले. पैशांची वाटणी अगदी सुरळीत झाली, कारण हिशोब मी केला होता आणि वीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला दोनाने भागता येते. भांडण झाले ते आईच्या पितळी बंबावरून. आई जाऊन तेव्हा वर्षच झाले होते. दर दिवाळीला ती तो बंब चिंच लावून असा घासायची की नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यात बघून आम्ही भांग पाडायचो. तो बंब मला हवा होता आणि दादालाही हवा होता. मी म्हणालो, "तुझ्याकडे गीझर आहे." तो म्हणाला, "आणि तुझ्याकडे काय चूल आहे?" हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी चिडलो. मग मी काही बोललो, तो काही बोलला, आणि बंब पुण्याला गेला.

त्यानंतर आम्ही भाऊ भाऊ होतोच. सणावारी फोन होई. पण "बरं आहे ना?" "बरं आहे" या दोन वाक्यांच्या पलीकडे गाडी जात नसे. बँकेत अशा खात्याला आम्ही निष्क्रिय खाते म्हणतो. ते कुणी बंद केलेले नसते. फक्त त्यात व्यवहार होत नाहीत.

अशा या खात्यात चार वर्षांनी अचानक एक मोठी रक्कम जमा झाली. दादाच्या सोसायटीत पार्किंगची फरशी उखडली होती. दादा आणि वहिनी दोन आठवडे परदेशी फिरायला जाणार होते. गाडी ठेवायची कुठे? तो सरळ ती घेऊन सोलापूरला आला, अण्णांना भेटला, जेवला आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने वहिनींसह मुंबईला गेला. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तूच सांभाळ. दुसऱ्या कुणाकडे ठेवायला मन होईना."

वाचकहो, हे वाक्य ऐकून माझी छाती जी फुगली ती दोन आठवडे खाली आली नाही.

गाडी सात माणसांची होती. रंग काळाभोर. टप माझ्या डोक्याच्या वर. अंगणात उभी केली तेव्हा तुळशीवृंदावन तिच्यापुढे काडेपेटीएवढे दिसू लागले. पण सोलापूरची धूळ रंग बघत नाही आणि हुद्दाही बघत नाही. आठ दिवसांत तिने त्या काळ्याभोर गाडीची ज्वारीच्या पिठाची गोणी करून टाकली. मागच्या काचेवर गल्लीतल्या पोरांनी बोटाने क्रिकेटचा स्कोअर लिहिला. दादा गुरुवारी सकाळी येणार होता. आदल्या रविवारी ही म्हणाली, "अहो, भाऊजींना गाडी अशी द्यायची? त्यांना काय वाटेल?"

दादाला काय वाटेल हा प्रश्न मला चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी उठलो आणि बनियनवर आलो.

त्या वेळी सकाळचे साडेअकरा वाजले होते. नळाला तेव्हा काही दिवसांआड पाणी यायचे, म्हणून बोअरचे पाणी घेतले. मोरीतली कपड्यांची पावडर घेतली. माझ्याच जुन्या बनियनचे फडके केले, म्हणजे मी अंगातही बनियन आणि हातातही बनियन असा सज्ज होतो. बॉनेटला हात लावला तर पोळी भाजता आली असती. मी मनात म्हटले, झकास! ऊन आहे तोवर फुकटात वाळेल.

मोठी गाडी धुताना एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. ती म्हणजे, ती संपत नाही. तुम्ही बॉनेटपासून निघता, डाव्या दारांवरून मागे जाता, मागची काच करता, उजव्या बाजूने परत येता, आणि स्वतःला शाबासकी द्यायला बॉनेटजवळ पोचता तेव्हा ते केव्हाच वाळलेले असते. टपाची तर वेगळीच कथा. स्टुलावर चढून हात लांब केला तरी मधला पट्टा हाताला लागत नाही. तिथे मी लांबूनच चार तांबे पाणी फेकले. पत्र्यावर पडताच ते तव्यावरच्या पाण्यासारखे नाचले. मग आठ बादल्या रिकाम्या करून मी ओट्यावर बसलो, चहा घेतला आणि गाडी वाळताना बघू लागलो.

आणि बघता बघता गाडीला कांजिण्या आल्या.

आधी बॉनेटवर चार-पाच. मग डाव्या दारावर. मग सगळीकडे. पांढरे, गोल, कडेला गडद आणि मध्ये फिके. जिथे जिथे थेंब बसला होता तिथे तिथे तो आपली सही करून गेला होता. धुळीने गाडी निदान एकसारखी मळलेली तरी होती. आता ती स्वच्छ होती आणि दिसत होती चुन्याचे हात पुसल्यासारखी. मी ओल्या फडक्याने पुसले. डाग गेले. आनंदाने हाक मारून हिला बोलावले. ही येईपर्यंत पाणी वाळले आणि डाग परत आले. हिने गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "धुतली होती ना?"

अण्णा बाजेवरून हे सगळे बघत होते. अण्णांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. एस.टी.त बत्तीस वर्षे ड्रायव्हर. त्याआधी, १९६२ च्या सुमारास, ट्रकवर क्लीनर. ते काहीच बोलले नाहीत. अण्णा न विचारता सल्ला देत नाहीत, आणि आमच्या घरात अण्णा सोडून बाकी सगळ्यांना विचारण्याची पद्धत आहे.

म्हणून मी शेजारच्या सरांना विचारले. सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी रसायनशास्त्र विचारलेले नव्हते. ते चष्मा आणि खिशाला पेनसारखे एक यंत्र लावून तातडीने आले. यंत्राचे टोक त्यांनी बोअरच्या बादलीत बुडवले. आकडा आला ११४०.

"एका लिटरमध्ये अदमासे ११४० मिलिग्रॅम क्षार," सर म्हणाले. "दुष्फेन पाणी! साबणाला फेस न देणारं."

"पण फेस तर भरपूर आला."

"ती पावडर होती. आंघोळीचा साबण घेतला असता तर फेसाऐवजी साका आला असता." मग त्यांनी मला बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसवून तास घेतला. पावसाचे पाणी मुळात गोडे असते. ते हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते, खडकातून मुरताना कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून बरोबर आणते आणि आपल्या बोअरमध्ये येऊन बसते. ते उन्हात ठेवले की पाणी उडते, कार्बन डायऑक्साइडही उडतो, आणि मागे राहतो तो कॅल्शियम कार्बोनेट. "म्हणजे चुनखडी," सर म्हणाले.

"थोडक्यात, मी दादाच्या गाडीला चुना लावला."

"शास्त्रीयदृष्ट्या, हो."

"पण सर, हे पाणी आम्ही पितो की!"

"पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आय.एस. १०५००, २०१२ सालचं. विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम. दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत. तेव्हा प्यायला हरकत नाही. पण गाडी माणसाइतकी सोशिक नसते."

चिरंजीव मोबाइलमधून मान वर काढून म्हणाले, "थेंबाचं भिंग होतं आणि त्यानं रंग जळतो, असं म्हणतात."

"पत्र्यावर बसलेला थेंब बसकट असतो," सर म्हणाले. "त्यातून येणारे किरण पत्र्याच्याही खाली कुठेतरी एकत्र येणार. त्यानं रंग जळत नाही. सध्या जळतंय ते तुझ्या बाबांचं."

रात्री झोप येईना, म्हणून मी हिशोब मांडला. वाणिज्य शाखेचा माणूस दुःखात हिशोब करतो. समजा, धुऊन झाल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिले. ११४० चे निम्मे ५७० मिलिग्रॅम. म्हणजे अर्धा ग्रॅम आणि वर थोडी चिल्लर! चिमटीत मावेल एवढा चुना आणि त्याने एवढी मोठी गाडी विद्रूप केली. कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला की तो सापडेपर्यंत आम्ही घरी जात नाही, हे लोकांना हास्यास्पद वाटते. पण छोटी बाकी राहू दिली की काय होते, ते माझ्या अंगणात उभे होते. पाणी खात्यातून निघून गेले होते. शिल्लक तेवढी पुढे ओढली होती.

सरांनी उपाय सांगितला होता. पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी. सावलीत, पत्रा थंड असताना, हातभर भागावर ओले फडके अलगद ठेवायचे, मिनिटभराने पुसायचे, लगेच पाण्याने धुवायचे. कोरडे घासायचे नाही, ओरखडे पडतात. आणि उशीर करायचा नाही, कारण ऊन लागत राहिले की डाग रंगात खोल जातो आणि मग तो पुसण्याचा डाग उरत नाही. गाडी उन्हातून हलवावी म्हणून सरांनी आपला पोर्च देऊ केला. आम्ही तिघांनी मिळून गाडी आत घातली. ती निम्मी मावली. पुढची दारे सावलीत, मागचा टप उन्हात, अशी ती दोन दिवस उभी राहिली.

सोमवारी पहाटे हिच्या स्वयंपाकघरातली व्हिनेगरची बाटली घेऊन मी डाव्या दारावर प्रयोग केला. गल्लीत मंचुरियनचा वास सुटला आणि दोन पोरे ताटली घेऊन येऊन गेली. पण डाग गेले! मग सरांनी सांगितल्याप्रमाणे मी दार लगेच पाण्याने धुतले. बोअरच्या. आणि शहाण्यासारखा वाळायला सोडून दिले.

पुढचे सांगत नाही.

"गोडं पाणी हवं," मी घरात जाहीर केले. चिरंजीव स्वयंपाकघरातल्या फिल्टरच्या नळीखाली बादली लावून आले. सरांचे पेन बुडवले तर आकडा बोअरहून मोठा निघाला! ती नळी फिल्टरने नको म्हणून टाकलेल्या पाण्याची होती. सगळ्या क्षारांची त्यात गर्दी झालेली. ही म्हणाली, "उकळून घेतलं तर?" सर म्हणाले, "काही क्षार खाली बसतील, सगळे नाही." मी म्हणालो, "आणि आठ बादल्या पाणी उकळायचं कशात? त्याला बंब..."

वाक्य तिथेच राहिले. बाजेवरून अण्णा खोकले.

मग मला आमच्या शाखेचे एसी आठवले. एसीच्या नळीतून ठिबकते ते हवेतल्या बाष्पाचे पाणी. ते जमिनीतून आलेले नसते, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. मी शिपाईमामांना चहा पाजला आणि शाखेच्या मागच्या बाजूला तिन्ही नळ्यांखाली तीन डबे लावले. मे महिन्यातली आमची हवा इतकी कोरडी की दोन दिवसांत जेमतेम बादली भरली. मंगळवारी संध्याकाळी मी ती बादली वरून कापड बांधून, नवसाच्या घागरीसारखी बाहेर काढत असताना साहेब समोर आले.

"हे काय?"

"साहेब, एसीचं पाणी."

साहेब थोडा वेळ विचारात पडले. बँकेतून काहीही बाहेर जाताना त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करावी हा त्यांचा स्वभावच आहे. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. पण बादली आपली आहे का बँकेची?"

बुधवारी पहाटे पाचला मी अंगणात उतरलो. गाडी परत घराच्या पश्चिमेला, भिंतीच्या सावलीत घेतली. आठ बादल्या बोअरचे पाणी, एक बादली एसीचे, व्हिनेगर, स्टूल, बनियन. एसीची एक बादली एवढ्या गाडीला कशी पुरवायची, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "ते बनियन टाक आधी."

अण्णा उठून आले होते. हातात त्यांचे जुने, धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले दोन पंचे.

"अण्णा, पाणी खराब आहे आपलं."

"पाणी हेच होतं की तेव्हाबी," अण्णा म्हणाले. "आम्ही विहिरीवर ट्रक धूत होतो. मालक येऊन हात फिरवून बघायचा. अरे, कुठल्या पाण्यानं धुतोस त्यानं डाग पडत नाही. ते वाळू देतोस त्यानं पडतो. पाणी वाळू द्यायचं नसतं. पुसायचं असतं."

एवढेच. सरांनी ते दीड तास सांगितले होते, आणि मी मात्र त्यातले फक्त व्हिनेगर ऐकले होते.

मग अण्णांनी मला कामाला लावले. आधी टप, कारण पाणी खालीच येते. खालचे आधी केले की ते दोनदा करावे लागते. एका वेळी एकच भाग. तो पुसून झाल्याशिवाय पुढच्याला हात नाही, आणि मधे वाळतोय असे वाटले तर परत ओला करायचा. "फवारा मारू नको," अण्णा म्हणाले. "तोंड काढ पाइपाचं. नुसती धार सोड, वरून, सावकाश. पाण्याला पाणी ओढू दे." आणि खरेच, फवाऱ्याने पाण्याचे हजार थेंब होऊन ते जागच्या जागी बसत होते, सरळ धार सोडली की त्याची एक चादर होई आणि ती चादर खाली घसरताना बाकीचे थेंब गोळा करून नेई. मागे पुसायला थोडेच उरे. मग पहिला पंचा पाणी टिपायला. तो पिळायचा, परत टिपायचे. दुसरा पंचा कोरडा, शेवटचा हात फिरवायला. जिथे डाग होते तिथे आधी व्हिनेगर, मग धार, मग लगेच पंचा. एसीचे पाणी आम्ही तीर्थासारखे जपून, फक्त शेवटच्या धारेला आणि फक्त बॉनेटला आणि काचांना वापरले. ते पुरले.

मला वाटले, झाले. अण्णा म्हणाले, "थांब. गाडी मागनं रडती."

त्यांनी चारी दारे उघडायला लावली. दारांच्या कडांना, मुठींच्या मागे, आरशांच्या पोटात, नंबरपाटीच्या मागे, टपावरच्या पट्ट्यांत पाणी दडून बसले होते. आपण पाठ वळवली की ते हळूच बाहेर येते आणि पुसलेल्या दारावरून एक लांब ओघळ काढून जाते. ते सगळे टिपले. मग अण्णांनी मला गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितले. परत आलो तर गचक्यांनी आणखी चार ओघळ निघालेले. तेही टिपले. ऊन भिंतीवरून खाली उतरले तेव्हा सात वाजून गेले होते. गाडी अशी दिसत होती की चिरंजीवांनी तिच्यात बघून भांग पाडला.

फक्त टपाचा मागचा भाग राहिला. सरांच्या पोर्चबाहेर तो दोन दिवस उन्हात होता. तिथे बारीक, फिकट वर्तुळे उरली होती. स्टुलावर चढून, तिरके पाहिले तरच दिसत.

"राहू द्या," ही म्हणाली. "भाऊजी कुठं स्टुलावर चढून बघतायत?"

हिशोबाच्या दृष्टीने हा सल्ला उत्तम होता. पण रात्री परत झोप येईना. फरक सापडलेला असताना कॅश बंद करून घरी जाणे मला जमत नाही.

गुरुवारी सकाळी दादा आणि वहिनी आले. दादाने गाडीभोवती एक फेरी मारली. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले त्यावर मी सहज गप्प बसू शकलो असतो. पण तो काही म्हणायच्या आतच मी म्हणालो, "दादा, टपावर मागे डाग राहिलेत. मी पाडलेत. बोअरच्या पाण्यानं, भर उन्हात." आणि मग थांबता येईना म्हणून कांजिण्या, मंचुरियन, साहेब, बादली, सगळे सांगून टाकले.

दादा ऐकत राहिला. मग स्टुलावर चढला. तिरके पाहिले. खाली उतरला आणि म्हणाला, "निम्मे माझे आहेत."

"म्हणजे?"

"आमच्या सोसायटीलाही बोअरच आहे. मार्चमध्ये मीच धुतली होती. दुपारी. टपाच्या मधे हात पोचत नाही, म्हणून लांबनं पाणी फेकलं." त्याने आवाज खाली आणला. "तुझ्या वहिनीला माहीत नाही."

वाटणी झाली. या खेपेलाही निम्मी-निम्मी.

अण्णा बाजेवरून म्हणाले, "दोघं मिळून घ्या तेवढा टप. एवढी गाडी एकट्याची नव्हंच. एकानं धुवायची, दुसऱ्यानं पुसायची."

ऊन अजून भिंतीपलीकडे होते. दादाने शर्ट काढून बनियनवर येऊन दुसरे स्टूल घेतले. तो एका बाजूला, मी दुसऱ्या. मधे टप. तो धार सोडी, मी टिपत असे. मग पंचा पलीकडे फेकला की तो टिपे. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग टपापलीकडून, तोंड न दिसता, दादाचा आवाज आला, "बंबात वहिनीनं छत्र्या ठेवल्यात."

मी टिपत राहिलो.

"आतून अजून पांढरा थर आहे त्याला," दादा म्हणाला. "आई बाहेरनं एवढी घासायची, पण आत हात जायचा नाही तिचा. पुढच्या खेपेला घेऊन येतो. तेव्हा मी जास्तच बोललो होतो."

"मीही बोललो होतो," मी म्हणालो. "असू दे तिकडेच. पुण्यात आईचं काहीतरी हवंच की. पण छत्र्या काढ."

टपाच्या मधल्या पट्ट्यावर कुणाचाच हात पुरत नव्हता. त्याने तिकडून जोर केला, मी इकडून केला, आणि दोन्ही पंचे मधे भेटले. वर्तुळे काही पुरती गेली नाहीत. पण आता ती दोघांची असल्याने कुणालाच फारशी टोचत नव्हती.

जेवून, शेंगाचटणीची पिशवी घेऊन दोघे निघाले. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. मोहोळच्या पुढे गेला असेल तोच दादाचा फोन आला. "बरं आहे ना?" विचारायला नव्हे. वळीव लागला होता. गाडीवर आडवातिडवा पाऊस कोसळत होता, आणि काल-आजची सगळी मेहनत धुऊन निघत होती.

मी फोन अण्णांकडे दिला. अण्णा म्हणाले, "चिंता करू नको. पावसाचं पाणी गोडं असतंय. धूळ तेवढी बसंल, ती धुतली की जाती." मग थोडे थांबून म्हणाले, "पण घरी पोचल्यावर पुस. आणि बाईला हाताखाली घे, एकटा करू नको."

संध्याकाळी दादाने फोटो पाठवला. मला वाटले, गाडीचा असेल. फोटो बंबाचा होता. छत्र्या बाहेर काढलेल्या होत्या आणि शेजारी वाटीत चिंच भिजत घातलेली होती. वहिनी त्यात कुठेच दिसत नव्हत्या. त्या बहुधा गाडी पुसत असाव्यात.